बर्फाची कुंची घातलेला डोंगर आणि हिमयुग वाचणारा येन्स एस्मार्क

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनासाठी जाहीर केलं आणि दरवर्षीचा २१ मार्च हा दिवसही हिमनद्यांच्या नावाने राखून ठेवला. या विषयावरच्या बातम्यांत आणि लेखांत एक वाक्य बहुतेक वेळा असतंच: शेवटच्या हिमयुगात उत्तर युरोपावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. आपण ते वाचतो आणि पुढे जातो.

पण हे कळलं कसं? तेव्हा लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. बर्फ वितळला, त्याचं पाणी समुद्राला मिळालं, त्यालाही हजारो वर्षं झाली. जो बर्फ आता नाही त्याची जाडी सांगायची, तो कुठवर आला होता तेही सांगायचं, हे कशाच्या बळावर?

उत्तर दगडांत आहे. ते दगड नीट वाचणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक होता येन्स एस्मार्क. भारतात त्याचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. युरोपातही ते बराच काळ मागे पडलं होतं. मला ते पुढे आणावंसं वाटतं, कारण हिमयुगाची कल्पना त्याच्या मार्गाने गेलं की सहज उलगडते.

डोंगर कोणता, माणूस कोण

नॉर्वेच्या मध्यभागी डोव्रेफ्येल नावाचं उंच पठार आहे. झाडं नाहीत, वारा सतत, आणि रानटी रेनडिअरचे कळप. दाट केसांचे कस्तुरी बैलही तिथे फिरतात. त्या पठारावर २,२८६ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे, स्नोहेत्ता. नावाचा अर्थ बर्फाचं टोपडं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कुंची घालतात, डोक्यावरून खांद्यावर उतरणारी, अगदी तशी बर्फाची कुंची.

नॉर्वेच्या लोकांच्या मनात डोव्रेला मोठं स्थान आहे. १८१४ साली आइड्सवोल इथे देशाची राज्यघटना तयार झाली, तेव्हा सभासदांनी 'डोव्रे कोसळेपर्यंत एकजूट आणि इमान' अशी शपथ घेतली. आपले जुने राजे दानपत्रात 'आचंद्रार्क' लिहीत, त्यातलाच हा भाव.

या डोंगरावर चढाई केल्याची पहिली नोंद १७९८ सालची आहे आणि ती एस्मार्कच्या नावावर आहे. त्याचा जन्म १७६३ सालचा, डेन्मार्कमधला. त्या काळी नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होतं आणि कॉन्ग्सबर्ग इथे राजाच्या चांदीच्या खाणी होत्या. एस्मार्क तिथे आला तो खाणकाम आणि खनिजं शिकायला, मग जर्मनीतल्या फ्रायबर्गला जाऊन आब्राहाम वेर्नर या त्या काळच्या नामांकित गुरूकडे शिकला. परत येऊन कॉन्ग्सबर्गला खाणकाम शिकवलं, आणि क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, विद्यापीठ निघालं तेव्हा तिथला खाणशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. १८१० मध्ये टेलेमार्कमधला १,८८३ मीटरचा गाउस्टाटोप्पेनही त्याने चढून मोजला.

डोंगर त्याने शिखर गाठण्याच्या हौसेपायी चढले नाहीत. खडक कुठे बदलतो आणि किती उंचीवर बदलतो, हे पाहायला तो जाई.

खांद्यावर पाऱ्याची नळी

उपग्रह नाहीत, नकाशे अर्धवट, मग उंची मोजायची कशी? पाऱ्याच्या वायुभारमापकाने.

कल्पना करा, तुम्ही गोधड्यांच्या चळतीखाली झोपला आहात. अंगावर दहा गोधड्या असतील तर भार जास्त, सात असतील तर कमी. आपल्या डोक्यावरची हवा ही अशीच चळत आहे. समुद्रकाठी सगळी चळत अंगावर असते आणि नळीतला पारा ७६ सेंटिमीटरवर उभा राहतो. चढू लागलं की काही गोधड्या पायाखाली जातात, भार हलका होतो आणि पारा उतरतो. सुरुवातीला साधारण दर ११ मीटर चढाईला एक मिलिमीटर. स्नोहेत्ताच्या माथ्याइतक्या उंचीवर तो साडेसत्तावन्न सेंटिमीटरच्या आसपास येतो. तापमानाचा हिशेब धरून हा फरक उंचीत बदलायचा. नळी काचेची, आत जड पारा. दगडाधोंड्यांतून ती न फोडता वर न्यायची, म्हणजे काम जिकिरीचंच.

त्या काळी स्नोहेत्ता हा नॉर्वेतला सर्वांत उंच डोंगर समजला जाई. योटुनहायमेन भागातला २,४६९ मीटरचा गाल्हपिग्गेन त्याहून उंच आहे हे पुढे मोजमापांतून स्पष्ट झालं.

बर्फ घट्ट असतो, मग वाहतो कसा?

हिमनदी हा शब्द आपण शाळेत शिकलो, पण त्यातल्या 'नदी'वर मन बसत नाही. फ्रीजमधला बर्फाचा खडा तर कुठे वाहत नाही.

डोंगरावर एका हिवाळ्यात पडलेला हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळला नाही, तर पुढच्या हिवाळ्याचा थर त्याच्यावर बसतो. असं वर्षानुवर्षं झालं की खालचा भुसभुशीत हिम दाबला जातो. मुठीत लाडू वळताना सुटा रवा घट्ट होतो, तसा त्याचा निळसर, कठीण बर्फ बनतो. थर तीस-चाळीस मीटर जाड झाला की तळचा बर्फ स्वतःच्याच वजनाखाली हळूहळू आकार बदलू लागतो. ताटात ठेवलेला सैल कणकेचा गोळा थोड्या वेळाने पसरलेला दिसतो, तसं. उतार मिळाला की हा सगळा ढीग खाली सरकतो. वेग डोळ्यांना दिसत नाही, पण वर्षभरात कित्येक मीटर अंतर कापलं जातं.

ही हालचाल नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी सोसली होती. योस्टेदाल खोऱ्यात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एक हिमनदी दरीत खाली खाली येत गेली. १७४३ साली तिने निगार्ड नावाच्या शेतवाडीचा चुराडा केला. १७४८ मध्ये ती सर्वांत पुढे पोहोचली आणि मग मागे हटू लागली. आज तिचं नाव निगार्ड्सब्रीन, म्हणजे निगार्डची हिमनदी. ज्या वाडीला तिने गिळलं, त्या वाडीचंच नाव तिला मिळालं.

मागे हटताना ती हात हलवत गेली नाही. आपल्या तोंडाशी दगडमातीचा एक बांध सोडून गेली. शेताच्या कडेला नांगराच्या फाळाने माती लोटली जाऊन वरंबा तयार होतो तसा, फक्त माणसाच्या कित्येक पट उंच. भूगोलाच्या पुस्तकात याला हिमोढ म्हणतात. या लेखात पारिभाषिक शब्द म्हणून हा एकच लक्षात ठेवा, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं.

साबणाची वडी आणि एक वाटी

हिमोढ ओळखायचा कसा, हे घरी करून पाहता येतं. मी करून पाहिलं, आणि त्यानंतर पुस्तकातल्या आकृत्या मला वेगळ्याच दिसू लागल्या.

एका स्टीलच्या वाटीत मूठभर वाळू, थोडी माती आणि तीन-चार टोकदार खडे घातले, वर पाणी ओतलं आणि रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. सकाळी वाटी कोमट पाण्यात क्षणभर धरून गोळा बाहेर काढला. वाळू तळाशी बसलेली असते, म्हणून तळाची बाजू अंगाच्या साबणाच्या कोऱ्या वडीवर दाबून एकाच दिशेने पुढे सरकवली. वडीवर ओरखडे उमटले, सगळे एकमेकांना समांतर. काही बारीक, आणि एका खड्याने ओढलेला एक खोल. मधला भाग मात्र चक्क गुळगुळीत झाला होता.

मग तो गोळा एका तिरप्या ताटलीत ठेवून दिला. तासाभराने बर्फ गेला आणि मागे एक ढिगुळा उरला: खडे, वाळू, चिखल, सगळं एकत्र कालवलेलं. तेवढीच वाळूमाती दुसऱ्या तिरप्या ताटलीत घेऊन तिच्यावर नळाची बारीक धार सोडली. खडे वरच राहिले, वाळू मध्ये थांबली, चिखल थेट काठापर्यंत गेला.

पाणी निवड करतं. बर्फ निवड करत नाही, तो डंपरसारखा असतो, जे भरलं ते तसंच ओततो. आणि जाता जाता खालच्या खडकावर समांतर ओरखडे काढतो.

१८२३: समुद्रकाठचा बांध

नॉर्वेच्या नैर्ऋत्येला लीसेफ्योर्ड नावाची समुद्राची चिंचोळी खाडी आहे. ६०४ मीटर उंचीचा, टेबलासारखा सपाट कडा आणि त्याच्या टोकावर बसलेले पर्यटक, हा फोटो तुम्ही पाहिला असेल. तो कडा याच खाडीवर आहे. खाडीच्या तोंडाजवळच्या फोर्सान परिसरात वासरिग्गेन नावाचा एक बांध दरीला आडवा पडलेला आहे. त्याच्या मागे तळं आहे आणि पुढे वाळू-खडीचं सपाट मैदान.

१८२३ मध्ये एस्मार्क आपला विद्यार्थी निल्स ओटो टांक याच्यासोबत नॉर्वेच्या दौऱ्यावर होता. त्या दौऱ्यात हा बांध त्यांच्या अभ्यासात आला. तो समुद्रसपाटीच्या जवळ, हिरव्या गवताच्या प्रदेशात आहे, जिथे बारमाही बर्फाचं नावनिशाण नाही. बांधात बारीक वाळूपासून प्रचंड धोंड्यांपर्यंत सगळं एकत्र कालवलेलं. पुढचं मैदानही ओळखीचं, कारण आजच्या हिमनद्यांच्या तोंडातून निघणारे ओढे अशीच खडी पसरून ठेवतात. एस्मार्कने उंच डोंगरांत जिवंत हिमनद्यांसमोरचे बांध पाहिले होते. दोन्हींची ठेवण सारखी होती.

इथे तो जे बोलला ते आज साधं वाटतं, पण तेव्हा फार धाडसाचं होतं. बांध हिमनदीनेच घातला असेल, तर हिमनदी एके काळी इथे, समुद्राच्या पातळीवर होती. आणि इथवर बर्फ येत असेल, तर मधले सगळे डोंगर आणि दऱ्या बर्फाखाली असल्या पाहिजेत. म्हणजे नॉर्वेचा बहुतेक भाग बर्फाने झाकलेला होता आणि हवामान आजच्याहून पार वेगळं होतं. १८२४ मध्ये त्याने हे क्रिस्तियानियाच्या विज्ञान नियतकालिकात छापलं. लेखाचं नाव होतं 'आपल्या पृथ्वीगोलाच्या इतिहासात एक भर'.

आता वासरिग्गेनचं वय मोजून झालं आहे. तो बांध सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीचा आहे, हिमयुग ओसरताना थंडीने शेवटची उचल खाल्ली त्या काळातला. त्याला आता एस्मार्क हिमोढ असंही म्हणतात.

पण महापुरानेही धोंडे वाहून येतातच की!

ही शंका रास्त आहे आणि त्या काळी जवळजवळ सगळ्यांची होती. वेर्नरची शिकवण तर अशी, की बहुतेक खडक एका आदिम महासागरातून तयार झाले. बायबलमधला जलप्रलयही लोकांच्या मनात होता. वाटेल तिथे धोंडा दिसला की तो पाण्याने आणला, असं म्हणून मोकळं होता येई.

पाणी मोठे धोंडे हलवतं, यात वाद नाही. २०१३ साली केदारनाथला काय झालं ते आपण पाहिलं. पण पाण्याच्या हिशेबाने तीन गोष्टी एकत्र जुळत नाहीत. एक म्हणजे, कितीही रागावलेला पूर ओसरताना माल थोडाफार वेगळा करतोच, आणि हिमोढात घरासारखा धोंडा आणि पिठासारखी माती शेजारी बसलेली असते. खडकावरचे समांतर ओरखडे ही दुसरी गोष्ट. पाण्यातला दगड उसळतो, आपटतो, गोल होतो. एकाच दिशेने, एकाच दाबाने लांब रेघ ओढायला त्याला वरून कोणीतरी घट्ट धरून ठेवावं लागतं. सुताराच्या हातात पटाशी असते तसं. बर्फ दगडाला तसं धरतो. आणि तिसरं, दरीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कमानीसारखा आडवा बांध पाणी घालत नाही, ते असा बांध फोडतं.

दुसरी एक कल्पना होती, की तरंगत्या हिमखंडांनी धोंडे आणून टाकले. काही ठिकाणी तसं घडतंही. पण हिमखंड सुटे धोंडे टाकेल, दरीला आडवा बांध रचणार नाही.

मग हिमयुगाचं श्रेय दुसऱ्यालाच का?

हिमयुग म्हटलं की स्वित्झर्लंडच्या लुई आगासीचं नाव येतं. १८३७ मध्ये त्याने न्यूशातेलला हा विचार भाषणातून जोरात मांडला आणि १८४० मध्ये मोठा ग्रंथ काढला. त्याचं काम मोठं आहेच. पण त्याच्याआधी आल्प्समध्ये इग्नाझ व्हेनेट्झ आणि जाँ द शार्पांतिए यांनी वाट घातली होती. त्याहीआधी पेरोदें नावाचा तिथला शिकारी सांगत होता, की हे धोंडे हिमनदीनेच आणले. डोंगरात राहणाऱ्याला दिसत होतं, पंडितांना पटायला वेळ लागला.

एस्मार्कचा लेख छोट्या देशाच्या भाषेत आणि नव्याने निघालेल्या नियतकालिकात छापला गेला. एडिंबराच्या रॉबर्ट जेमसनने १८२६ च्या सुमारास त्याचं इंग्रजी रूप आपल्या नियतकालिकात छापलं, म्हणून तो ब्रिटनमध्ये पोहोचला. तरी गाजावाजा झाला नाही. एस्मार्कने पुढे त्यावर ग्रंथ लिहिला नाही, व्याख्यानांचा दौराही काढला नाही. मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना याचं दुःख लगेच कळेल. कल्पना कोणत्या भाषेत मांडली यावर तिचं नशीब ठरतं, हे मला अन्यायाचं वाटतं.

त्याच्या घरातून विज्ञानाला आणखी एक गोष्ट मिळाली. १८२८ मध्ये त्याचा पाद्री मुलगा हान्स मोर्टेन याला एका बेटावर काळं, अनोळखी खनिज सापडलं. बापालाही ते ओळखेना, म्हणून त्याने ते स्टॉकहोमला बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाकडे पाठवलं. त्यातून १८२९ मध्ये नवं मूलद्रव्य निघालं, थोरियम. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ज्याचे मोठे साठे आहेत आणि भारताच्या अणुऊर्जेच्या दीर्घ योजनेत ज्याला मोठं स्थान आहे, तेच हे.

एवढा बर्फ आला कशामुळे?

एस्मार्कने कारणही सांगितलं होतं. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा एके काळी धूमकेतूसारखी लांबट होती, त्यामुळे ती सूर्यापासून फार दूर जाई आणि गोठे. हे तपशिलात चुकलं. पृथ्वीची कक्षा इतकी लांबट कधी होत नाही. पण कारण आकाशात, कक्षेत शोधायचं, ही दिशा बरोबर निघाली.

विसाव्या शतकात सर्बियाच्या मिलुटिन मिलांकोविचने हे गणित नीट मांडलं. पृथ्वीच्या कक्षेचा आकार सुमारे एक लाख वर्षांच्या चक्रात किंचित बदलतो. आसाचा कल ४१ हजार वर्षांत थोडा कमीजास्त होतो. आणि दमलेला भोवरा डुलतो तसा तो आस डुलतो, त्याचा परिणाम २३ हजार वर्षांच्या आसपासच्या चक्रात दिसतो. तिन्ही मिळून उत्तरेकडच्या उन्हाळ्यात ऊन किती पडणार ते ठरतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हिमयुगासाठी हिवाळा भयंकर कडक लागतो असं नाही. लागतो तो थंड उन्हाळा. हिमनदीचा जमाखर्च वहीसारखा असतो. हिवाळ्यात जमा, उन्हाळ्यात खर्च. खर्च कमी झाला की दरवर्षी थोडी शिल्लक पडते, आणि ती हजारो वर्षं साठत गेली की तिचे किलोमीटर होतात. बर्फ पांढरा असल्याने ऊन परत फेकतो, त्यामुळे गारवा आणखी वाढतो.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि तेही महाराष्ट्रात. १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचीर भागात भूवैज्ञानिकांना बारीक मातीत रुतलेले मोठे धोंडे दिसले आणि हे बर्फाचं काम असावं असं त्यांनी सुचवलं. उष्ण भारतात बर्फ, यावर विश्वास बसणं कठीण होतं. मग १८७५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडनने चंद्रपूरकडच्या पुराव्यांबद्दल लिहिलं. पैनगंगेच्या खोऱ्यात इरईजवळ चुनखडीचा जुना खडक घासून गुळगुळीत झालेला, त्यावर समांतर ओरखडे, आणि वर धोंड्यांचा थर. साबणाच्या वडीवर उमटलं तेच, दगडावर.

हा बर्फ नॉर्वेच्या बर्फाचा समकालीन नाही, तो सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारताची जमीन गोंडवन खंडात, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हाचा, तो यायला अजून वीसेक कोटींहून जास्त वर्षं होती. विदर्भाच्या उन्हात तापलेल्या त्या खडकावर हिमनदीची रेघ आहे, हे लिहिताना आजही मला भरून येतं.

शेवटच्या हिमयुगात मात्र महाराष्ट्रात बर्फ नव्हता, पण परिणाम होता. पाणी बर्फात अडकून पडल्यामुळे जगभर समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता. कोकणचा किनारा आजच्यापेक्षा पुष्कळ पश्चिमेला होता.

बर्फ गेला, पण जमीन अजून उठते आहे

गादीवर रात्रभर झोपून उठलं की खळगा लगेच भरत नाही, कापूस सावकाश वर येतो. नॉर्वे-स्वीडनच्या जमिनीचं तेच चाललं आहे. किलोमीटर-किलोमीटर बर्फाने दबलेली जमीन अजून वर येते आहे. स्वीडन आणि फिनलंडमधल्या बॉथ्नियाच्या आखाताच्या उत्तर भागात वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर. ओस्लोच्या परिसरात जुन्या समुद्राच्या खुणा आजच्या समुद्रापेक्षा सुमारे २२० मीटर उंचीवर सापडतात.

यातून एक धोकाही आला. तेव्हा समुद्राच्या तळाशी बसलेली बारीक माती आता कोरड्या जमिनीवर आहे, तिच्यावर गावं आहेत. तिचे कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून उभे असतात आणि समुद्राचं मीठ त्यांना धरून ठेवतं. शतकानुशतकं पावसाचं पाणी झिरपून मीठ धुऊन जातं. मग एखादा धक्का, कडेची झीज किंवा वर टाकलेला भार पुरतो, आणि घट्ट दिसणारी जमीन ताकासारखी पातळ होऊन वाहते. १८९३ मध्ये व्हेर्दालला अशा घसरणीत ११६ माणसं गेली. ३० डिसेंबर २०२० च्या पहाटे येरद्रुम इथे घरं माणसांसकट खाली गेली आणि १० जणांचा जीव गेला. नॉर्वेत बांधकामाआधी माती तपासतात, त्यामागे हिमयुगाचा हा वारसा आहे.

हवामान आधीही बदलायचं, मग आता ओरड कशाला?

हिमयुगाची गोष्ट सांगितली की हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणाऱ्याला उडवून लावू नये. बदल पूर्वीही झाले, हे खरंच आहे. प्रश्न वेगाचा आणि कारणाचा आहे.

ध्रुवांवरच्या जुन्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे मोजले तर ऐन हिमयुगात दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे १८० ते १९० भाग होते. हिमयुग ओसरल्यावर तो आकडा २६० ते २८० च्या घरात गेला. ही वाढ व्हायला हजारो वर्षं लागली. कोळसा आणि तेल जाळायला लागल्यापासून, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांत, तो २८० वरून ४२० च्या वर गेला आहे. पृथ्वीच्या कक्षेने इतक्या थोड्या काळात असा बदल घडवलेला नाही, ती यंत्रणाच तेवढी संथ आहे. जिना उतरणारा माणूसही खालीच जातो आणि गच्चीवरून पडणाराही. दोघांत मधला वेळ वेगळा असतो, आणि हाडं कशी राहतात ते त्या वेळेवर ठरतं.

नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या हिमनद्यांचं क्षेत्र २००० सालाच्या आसपासच्या मोजणीपासून २०१८-१९ पर्यंत सुमारे १४ टक्क्यांनी घटलं. निगार्ड्सब्रीनही पुष्कळ मागे गेली आहे. काही हजार वर्षांपूर्वीच्या उबदार काळात नॉर्वेतल्या बऱ्याच हिमनद्या नाहीशा होऊन नंतर परत आल्या होत्या, हेही खरं. पण तेव्हा त्यांच्या पाण्यावर वीज, शेती आणि शहरं उभी नव्हती.

ही घट मोजायला जुन्या नोंदी लागतात, कोणीतरी तेव्हा बसून लिहिलेल्या. एस्मार्कने त्याही ठेवल्या. १८१६ पासून १८३८ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षापर्यंत, क्रिस्तियानियातल्या आपल्या घरी तो हवामान टिपत होता. रोज, सुट्टी न घेता, तापमान आणि वायुभार. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वह्या पुन्हा काढल्या, मोजमापातल्या त्रुटी दुरुस्त केल्या आणि आजच्या आकड्यांशेजारी ठेवल्या. नॉर्वेच्या राजधानीच्या तापमानाची सलग, दीर्घ नोंद त्याच वह्यांपासून सुरू होते.